आधी वाहिनी नको, पटकथाकार शोधा

पत्र (थोडं आखडतं घेऊन):

सप्रेम नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात एका खेड्यात राहते, गावच्या वाचनालयाचं काम पाहते. माझे वडील शकुंतला रेल्वेवर, म्हणजे यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरच्या त्या छोट्या गाडीच्या मार्गावर, गँगमन होते. त्या रुळाच्या कडेला राहणाऱ्या बायांवर मी कादंबरी लिहिली, 296 पानांची. अमरावतीच्या एका प्रकाशकानं काढली. पाचशे प्रती होत्या, बहुतेक संपल्या. वाचणारे म्हणतात, यावर मालिका झाली पाहिजे. तीन वाहिन्यांना मेल केले, कोणाचं उत्तर नाही. मग मुंबईहून एका माणसाचा फोन आला. वाहिनीपुढे कथा मांडून देतो म्हणतो, ‘प्रेझेंटेशन’चे पंच्याहत्तर हजार मागतो. भाचा लग्नाचे व्हिडिओ काढते, तो म्हणते, “मावशी, आपणच करून टाकू न यूट्यूबवर.” मले भेव वाटते का कथा चोरीले जाईन. आन् त्याच्याहून जास्त भेव याचं, का माह्या नायिकेले, रुख्माले, हे लोकं पुण्याची करून टाकतीन. चांगले सोबती शोधाचे कुठं? का मीच पटकथा शिकू? नाव-गाव छापू नका.

उत्तर:

ताई, नमस्कार.

पंच्याहत्तर हजारांचं आधी सांगतो, कारण त्याला घाई आहे. देऊ नका. एक रुपयाही देऊ नका. या धंद्यात पैसा निर्मात्याकडून लेखकाकडे येतो. ज्याला तुमच्या कादंबरीवर मालिका करावीशी वाटते तो ठरावीक मुदतीसाठी हक्क राखून ठेवतो आणि त्या राखून ठेवण्याचे पैसे तुम्हाला देतो. त्याला ‘ऑप्शन’ म्हणतात. रक्कम छोटी असेल, पण दिशा तीच. वाहिनीत कथा ऐकून घेणारी माणसं पगारी असतात, त्यांच्यासमोर बसायची फी नसते. त्या माणसाचा पुन्हा फोन आला तर एवढंच विचारा, की तुम्ही आजवर कोणत्या मालिकेच्या श्रेयनामावलीत आहात आणि कोणत्या पदावर. नाव सांगितलं तर त्या मालिकेचा भाग लावून तपासा.

आता वाहिन्यांच्या मौनाबद्दल. ते तुमच्या कादंबरीचं मूल्यमापन नाही. तो मेल बहुधा कोणी उघडलाही नसेल. मराठी वाहिनी कादंबरी विकत घेत नाही. ती निर्मितीसंस्थेकडून मालिकेची कल्पना घेते, आणि ती कल्पना आठवड्याला सहा भाग, प्रत्येकी साधारण बावीस मिनिटं, वर्षाला तीनशेच्या आसपास भाग अशा मापाची असावी लागते. तुमची कादंबरी पत्रात सांगितल्याप्रमाणे रुख्मा लग्न होऊन रुळाकाठच्या क्वार्टरमध्ये येते तिथे सुरू होते आणि 1994 साली वाफेचं इंजिन बंद होऊन डिझेल येतं तिथे संपते. म्हणजे तिला शेवट आहे. रोजच्या मालिकेला शेवट नको असतो. तिथे तुमची 296 पानं पहिल्या दीड-दोन महिन्यांत संपतील आणि पुढे रुख्माच्या घरात एखादी कारस्थानी जाऊ येऊन बसेल, जी तुमच्या पुस्तकात नाही. म्हणून पहिला निर्णय तुमचा तुम्हीच घ्यायचा आहे: रोजची मालिका नको, आठ-दहा भागांची, शेवट असलेली मालिका हवी. दूरदर्शनच्या काळात तेरा भागांच्या मालिका व्हायच्या आणि साहित्यकृती त्यात नीट बसायच्या. आता ती जागा ओटीटीनं घेतली आहे. मराठीसाठी ती जागा अजून अरुंद आहे, हे मान्य. तरी तुमची गोष्ट त्याच मापाची आहे, आणि माप ठरल्याशिवाय सोबती कोणता हवा हे ठरत नाही.

सोबती शोधताना लोक आधी दिग्दर्शक शोधतात, निर्माता शोधतात, एखादा नट ओळखीचा निघाला तर त्याला पुस्तक देतात. नट पुस्तक घेतो, प्रेमानं बोलतो आणि पुस्तक गाडीच्या मागच्या सीटवर राहतं. यात त्याचा दोष नाही. त्याच्या हातात वाचून खेळता येईल असं काही दिलंच नाही. कादंबरी आणि कॅमेरा यांच्यामध्ये एक माणूस लागतो आणि तो पटकथाकार असतो. परतवाड्यात जन्मलेल्या अरुण साधूंचं उदाहरण तुम्हाला जवळचं वाटेल, तुमच्या शकुंतलेची एक शाखा तिकडे अचलपूरलाच जाते. त्यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांवरून 1979 मध्ये जब्बार पटेलांनी ‘सिंहासन’ हा चित्रपट केला. पटकथा विजय तेंडुलकरांची होती. दोन कादंबऱ्या आणि एक चित्रपट. मधे बसून काय ठेवायचं, काय सोडायचं आणि कुठली दोन माणसं समोरासमोर आणायची हे ठरवणारा स्वतः मोठा नाटककार होता. तुम्हाला तेंडुलकर मिळणार नाहीत, पण त्या खुर्चीवर बसणारा कोणीतरी हवाच.

तो करतो काय, हे एका प्रसंगावरून सांगतो. तुम्ही पत्रासोबत सातवं प्रकरण पाठवलंत. पावसाळ्याची रात्र, नवरा कंदील घेऊन रूळ तपासायला गेलेला, परतायची वेळ टळलेली. चार पानं रुख्मा मनातल्या मनात बोलते: माहेर, पहिलं बाळंतपण, सासऱ्याचा मृत्यू, आणि मधेमधे कंदिलाची वाट. वाचताना ती चार पानं मला फार आवडली. पडद्यावर मात्र ती जशीच्या तशी जात नाहीत. कच्चा पटकथाकार काय करेल? रुख्मा खिडकीत उभी, मागून तिचाच आवाज, “त्या रात्री मला बाबांची आठवण आली...” आणि मग भूतकाळ, पुन्हा खिडकी, पुन्हा भूतकाळ. जाणता पटकथाकार ती चार पानं वाचून पुस्तक मिटेल आणि विचारेल, की त्या रात्री बाई हातानं काय करत होती? मग तो असं काही लिहील: रुख्मा ताटावर ताट झाकून ठेवते. थोड्या वेळानं झाकण काढते, भाकरी गार झालेली. ती पुन्हा तव्यावर टाकते. शेजारची बाई दारात येऊन म्हणते, “आले नाही का व अजून?” रुख्मा म्हणते, “येऊनच राहिले,” आणि दारात आडवी उभी राहते, म्हणजे शेजारणीला झाकलेलं ताट दिसू नये. तिसऱ्यांदा ती भाकरी तापवत नाही, कुत्र्याला टाकते. बाळंतपण नाही, सासरा नाही, माहेर नाही. तरी प्रेक्षकाला बाईचं सगळं कळतं. चार पानांची पाच-सहा मिनिटं झाली आणि काही गमावलं नाही.

असं वाचून जर तुम्हाला पहिल्यांदा राग आला, की माझं बाळंतपण कुठे गेलं, तर तो राग स्वाभाविक आहे. पण जो माणूस तुमच्यासमोर बसून ते बाळंतपण काढायची गोष्ट करेल आणि कारण सांगेल, तो ऐकून घेण्यासारखा माणूस आहे. जो म्हणेल, “ताई, एक शब्द बदलायची गरज नाही,” त्याला चहा पाजा आणि निरोप द्या.

तुमच्या कादंबरीत आणखी एक अडचण आहे आणि ती पैशाची आहे. वाफेचं इंजिन, अडीच फुटी रूळ, डबे. आज ती गाडी धावत नाही. निर्माता पहिल्या वाचनात ‘ट्रेन’ हा शब्द मोजतो आणि पुस्तक बाजूला ठेवतो. चांगला पटकथाकार इथेच कामाला येतो. तो गाडी आवाजात ठेवेल, धुरात ठेवेल, उशिरा येण्यात ठेवेल. तुम्ही बायांवर लिहिलं आहे, त्यांना गाडी दिसते तरी किती? त्यांना ती ऐकू येते, आणि ती ऐकून त्या स्वयंपाकाची वेळ ठरवतात. गाडी मोजून दोन-तीनदा दिसली तरी मालिका उभी राहते. हा बदल सुचवणारा माणूस तुमचं पुस्तक स्वस्त करत नाही, ते होण्याजोगं करतो.

मग असा माणूस कुठे? माझं ठाम मत आहे, की आधी विदर्भातच शोधा. कारण भाषा. वऱ्हाडी ऐकून मोठा झालेला माणूस “करून राहिली” आणि “करते” यांत कुठे कोणतं म्हणायचं हे कानानं ठरवतो. बाकीच्यांना ते शिकवावं लागतं आणि शिकवूनही नाटकी वाटतं. इतकी वर्षं पडद्यावर वऱ्हाडी बोलली जाते ती बहुधा हसवणाऱ्या पात्राच्या तोंडी. रडणारी, हिशेब करणारी, नवऱ्याला ठाम नाही म्हणणारी बाई वऱ्हाडीत बोलताना आपण पडद्यावर किती पाहिली? तुमचं पुस्तक ते करू शकतं आणि म्हणून मला त्याची इतकी काळजी आहे.

राज्य शासनाची हौशी मराठी नाट्य स्पर्धा दर वर्षी होते. प्राथमिक फेरीची केंद्रं आपल्याकडे नागपूर, अमरावती, चंद्रपूर अशी असतात. तिकीट नाममात्र. तिथे जाऊन बसा. एका केंद्रावर रोज एक नवं नाटक आणि त्यातली कितीतरी संहिता स्थानिक लेखकांची. नट कसे आहेत हे तुम्हाला कोणीही सांगेल, तुम्ही संहितेकडे कान द्या. कोणत्या लेखकाची माणसं एकमेकांशी बोलतात आणि कोणत्या लेखकाची माणसं प्रेक्षकांना भाषण देतात, हे पहिल्या अंकात कळतं. पहिल्या जातीचा लेखक दिसला की मध्यंतरात विंगेमागे जा आणि नाव विचारा. तुम्ही कादंबरीकार आहात, संकोच करू नका.

दुसरी जागा झाडीपट्टी, म्हणजे पूर्व विदर्भातली गावोगावची रंगभूमी. तिचं केंद्र वडसा, ते तुमच्याकडून लांब आहे आणि तिकडची बोलीही वेगळी, तिथला लेखक वऱ्हाडी लिहील असं धरून चालू नका. पण दिवाळीनंतर होळीपर्यंत गावोगावच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, रात्रभर माणसं बसवून ठेवणारे लेखक, दिग्दर्शक आणि वादक त्या पट्ट्यात आहेत. 2023 मध्ये पद्मश्री मिळालेले परशुराम खुणे याच रंगभूमीचे. शहरी लेखकाला जे वर्कशॉपमध्ये शिकवावं लागतं, म्हणजे प्रेक्षक उठायच्या आत गोष्टीला वळण द्यायचं, ते या लोकांनी मांडवात शिकलेलं असतं. मालिकेच्या भागाचा शेवट कुठे तोडायचा हे त्यांच्याकडून शिकावं. संवाद मात्र जपून घ्यावेत, कारण तिथला संवाद शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा असतो आणि तुमची रुख्मा पुटपुटते.

आकाशवाणीही विसरू नका. नागपूर केंद्रानं अनेक वर्षं नभोनाट्यं केली, आणि नभोनाट्य लिहिणाऱ्याला आवाजावर गोष्ट उभी करता येते. गाडी आवाजात ठेवायची असेल तर याहून योग्य शाळा कोणती? नागपूरच्या विदर्भ साहित्य संघात, 1923 पासूनची संस्था ती, कोणी नाटककार-कथाकार दोन्ही आहे का याची चौकशी करता येईल. पण साहित्यिक वर्तुळात एक धोका आहे. तिथे कादंबरीवर प्रेम करणारे पुष्कळ, कादंबरी मोडून दृश्य बांधणारे थोडे.

विदर्भातून मुंबईला गेलेली आणि मालिकांच्या लेखनकक्षात सहायक म्हणून राबणारी मुलंमुलीही आहेत. मला तर वाटतं तुमचा माणूस बहुधा यांच्यात आहे. दिवसा दुसऱ्याच्या मालिकेचे संवाद लिहितात, रात्री स्वतःच्या गावची गोष्ट शोधत असतात. मालिकेच्या शेवटी धावणाऱ्या श्रेयनामावलीत मोठ्या नावांच्या खाली ‘सहायक लेखक’, ‘संवाद सहाय्य’ अशी नावं येतात. ती वाचा. आडनावावरून, समाजमाध्यमांवरच्या गावाच्या उल्लेखावरून अंदाज बांधा आणि साधं पत्र लिहा. मोठ्या पटकथाकाराला गाठण्यापेक्षा याला गाठणं सोपं आणि त्याच्याकडे तुमच्यासाठी वेळ असण्याची शक्यता जास्त.

तीन-चार माणसं हाताशी आली, की त्यांची परीक्षा घ्या आणि परीक्षेचे पैसे द्या. त्या मुंबईवाल्याला न दिलेल्या पंच्याहत्तर हजारांतले थोडे इथे खर्च करा, इथे ते सार्थकी लागतील. प्रत्येकाला सातवं प्रकरणच द्या. सांगा, यावरून सहा ते आठ पानांची दृश्यं लिहून द्या, तुमच्या मनाप्रमाणे. पंधरा दिवस मुदत. जे येईल ते आधी स्वतः वाचू नका. वाचनालयात येणाऱ्या दोन बायांना मोठ्यानं वाचायला द्या आणि तुम्ही ऐका. कुठे त्या अडखळतात, कुठे स्वतःहून आवाज बदलतात, कुठे वाचता वाचता “हे असं नाही बोलत आपण” म्हणतात, ते लिहून ठेवा. मग त्या लेखकांशी बोला आणि एक बदल सुचवा. बदल मुद्दाम थोडा चुकीचा सुचवा. जो लगेच हो म्हणेल तो तुमच्यासमोर वाहिनीच्या चुकीच्या बदलालाही हो म्हणेल. जो भांडेल पण कारणासकट भांडेल, त्याच्यासोबत दोन वर्षं काढता येतील. दोन वर्षं लागतातच, त्याहून कमी कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

आता कागद. इथे मला सविस्तर लिहावं लागेल, कारण आपल्याकडे प्रेमानं सुरू झालेली कामं कागद नसल्यामुळे वैरात संपतात.

सगळ्यात आधी प्रकाशकाशी झालेला करार काढा. भारतीय कायद्यात साहित्यकृतीचे पहिले हक्क लेखकाचे असतात आणि रूपांतराचा हक्क त्यातच येतो. पण तुम्ही सही केलेल्या करारात ‘सर्व हक्क’, ‘दृकश्राव्य हक्क’, ‘नाट्य-चित्रपट रूपांतर’ असे शब्द असतील, तर गाठ आधी प्रकाशकाशी सोडवायला हवी. कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 प्रमाणे हक्क दुसऱ्याला देणं हे लेखी आणि सहीचं असावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. आणि घेतलेला हक्क एका वर्षात वापरला नाही तर करारात वेगळं काही नसल्यास तो परत लेखकाकडे येतो. हे शेवटचं वाक्य तुमच्या उपयोगाचं असू शकतं. काही कागदच झाला नसेल, नुसत्या तोंडी बोलण्यावर पुस्तक निघालं असेल, तर रूपांतराचे हक्क तुमचेच. तरी प्रकाशकाकडून तसं एका ओळीचं पत्र घेऊन ठेवा. निर्मात्याचा वकील ते मागणारच.

पटकथाकार ठरला की त्याच्याशी लेखी करार करा, काम सुरू व्हायच्या आधी. त्यात हे हवं: कोणत्या पुस्तकावरून, किती महिन्यांत, काय लिहून द्यायचं, आलेल्या पैशात कोणाचा किती वाटा, कोणाला दाखवायचं हे कोण ठरवणार. आणि सर्वांत महत्त्वाचं, पटलं नाही तर काय. कारण गुंता असा, की कादंबरी तुमची असली तरी त्यानं लिहिलेली पटकथा त्याची असते. तो तुमच्या परवानगीशिवाय ती वापरू शकत नाही आणि तुम्हीही त्याच्या परवानगीशिवाय ती दुसऱ्याला देऊ शकत नाही. दोघं भांडलात तर दोघांचे हात बांधलेले. म्हणून आधीच लिहा, की अमुक तारखेपर्यंत निर्माता मिळाला नाही तर तुम्ही दुसऱ्या पटकथाकाराकडे जायला मोकळ्या, आणि त्याची पानं त्याच्याकडे. यवतमाळला बौद्धिक संपदेचा वकील मिळायला वेळ लागेल, पण एखाद्या चांगल्या दिवाणी वकिलाला कायद्याचं कलम 18 आणि 19 दाखवून मसुदा करून घेता येतो. 2012 च्या दुरुस्तीनं चित्रपटात समाविष्ट साहित्यकृतीच्या लेखकाच्या रॉयल्टीला संरक्षण दिलं आहे आणि कायद्याच्या व्याख्येत कोणतंही दृश्य चित्रीकरण म्हणजे चित्रपटच, मालिकाही त्यात आली. पुढे निर्मात्याच्या करारात ‘सर्व रॉयल्टी कायमची सोडली’ असं दिसलं तर त्याच वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.

चोरीची भीती. छापलेली कादंबरी हाच तुमचा सर्वांत भक्कम पुरावा आहे: तारीख, प्रकाशक, ग्रंथालयांतल्या नोंदी. कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, पण साहित्यकृतीसाठी फी फक्त 500 रुपये आहे आणि अर्ज ऑनलाइन होतो, करून टाका. मालिकेचा आराखडा आणि पटकथा तयार झाली की तुमच्या पटकथाकाराला मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घ्यायला सांगा. तिथे सभासदांना संहिता नोंदवता येते आणि श्रेय-मानधनाचा तंटा झाला तर तो ऐकणारी समितीही आहे. मात्र एक गोष्ट समजून घ्या. नुसत्या कल्पनेवर हक्क नसतो. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात हेच सांगितलं, की विषय, कल्पना, ऐतिहासिक तथ्य कोणाच्या मालकीचं नाही. ते कसं मांडलं, त्यावर हक्क असतो. उद्या कोणी शकुंतला रेल्वेवर दुसरी मालिका केली तर ती चोरी नाही. रुख्माची भाकरी, शेजारीण आणि झाकलेलं ताट उचललं तर ती चोरी आहे. तेवढं संरक्षण पुरेसं आहे. भीतीपोटी पुस्तक कोणाला दाखवायचंच नाही, असं मात्र करू नका.

भाच्याबद्दल. पोरगा कामाचा आहे, त्याला दुखवू नका. पण पूर्ण कादंबरी यूट्यूबवर टाकू देऊ नका. एकदा ती तिथे गेली की कोणताही निर्माता ‘हे आधीच झालंय’ म्हणेल. त्याच्याकडून एकच दृश्य करून घ्या, निवडलेल्या पटकथाकारानं लिहिलेलं, पाच-सहा मिनिटांचं, भाकरी तापवण्याचंच. एक खोली, एक चूल, दोन बाया, बाहेर पाऊस. नट म्हणून नाट्य स्पर्धेत पाहिलेली एखादी अमरावतीची किंवा यवतमाळची मुलगी घ्या, गावातली ओळखीची बाई नको. रेल्वेच्या हद्दीत परवानगीशिवाय चित्रीकरण करता येत नाही, तेव्हा रुळावर जाऊच नका, खोलीतच करा. लग्नाच्या व्हिडिओची सवय असलेल्या हाताला कॅमेरा हलवायची घाई असते. त्याला सांगा, कॅमेरा ठेव आणि बाईकडे पाहा. ही चित्रफीत जगाला दाखवायची नाही, निर्मात्याच्या टेबलावर लावायची आहे. वऱ्हाडी गंभीर दृश्यात कशी वाजते हे वीस पानांच्या वर्णनापेक्षा त्या पाच मिनिटांत कळेल.

मग जे घेऊन निर्मात्याकडे जायचं ते एवढं: दोन पानांचा सारांश (मराठीत आणि एखाद्या जाणत्याकडून इंग्रजीतही, कारण निर्णय घेणारे सगळेच मराठी वाचणारे नसतात), मुख्य पात्रांची पानं, आठ भागांत काय काय घडतं ते, पहिल्या भागाची पूर्ण पटकथा आणि ती चित्रफीत. या आराखड्याला या धंद्यात ‘बायबल’ म्हणतात. हे हातात असेल तर मुंबई-पुण्याच्या छोट्या निर्मितीसंस्थांना पटकथाकारामार्फत गाठा. गोव्याला नोव्हेंबरात इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या वेळी एनएफडीसीचा (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा) ‘वेव्हज फिल्म बाजार’ भरतो, जिथे नवे प्रकल्प निर्मात्यांपुढे मांडतात; तो त्यानंतरच्या वर्षी. तिथे प्रवास, राहणं, नोंदणी असा खर्च आहे आणि रिकाम्या हातानं गेलं तर नुसती गर्दी पाहून परत यावं लागतं.

रुख्मा पुण्याची होईल का? होऊ शकते, आणि ती एका दिवसात होत नाही. आधी कोणी म्हणतं, भाषा थोडी सोपी करू. मग गाव ‘कुठलंही गाव’ होतं. मग बाईचं वय दहा वर्षांनी कमी होतं. याला उपाय श्रेयात आहे. मराठीत कथा, पटकथा आणि संवाद ही श्रेयं वेगवेगळी दिली जातात, हे आपल्या फायद्याचं. ‘मूळ कादंबरी’ हे श्रेय तर तुमचं आहेच, त्याशिवाय ‘संवाद’मध्ये सहलेखक म्हणून किंवा ‘भाषा सल्लागार’ म्हणून करारात नाव मागा. नुसतं नाव नव्हे, प्रत्येक भागाचे संवाद चित्रीकरणाआधी तुमच्याकडे येतील आणि तुम्ही इतक्या दिवसांत परत पाठवाल, असं लिहून घ्या. लेखकाला मालिकेवर नकाराधिकार कोणी देत नाही, पण भाषेच्या बाबतीत ऐकून घेतलं जातं, जर तुम्ही वेळेवर उत्तर दिलंत. आणि बदलांमधले कोणते सोडायचे, कोणत्यासाठी भांडायचं, हे करारावर सही करायच्या आधी स्वतःशी ठरवून ठेवा. गाव दारव्ह्याचं कारंजा झालं तर होऊ द्या. सासऱ्याचं पात्र गेलं तर जाऊ द्या. रुख्मा तिसऱ्यांदा भाकरी तापवत नाही, ते मात्र जाऊ देऊ नका.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, तुम्हीच पटकथा शिकावी का. शिका, वाचायला येण्याइतपत. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे (एफटीआयआय) पटकथालेखनाचे छोटे अभ्यासक्रम असतात. एखादा केलात तर पटकथाकार काय करतोय ते कळेल आणि भांडताना मुद्दा सापडेल. पण रुख्मावरची ही पहिली पटकथा स्वतः लिहू नका. तुम्ही तिला फार जवळून ओळखता, तुमच्यानं ते बाळंतपण काढवणार नाही. या महिन्यात प्रकाशकाचा करार शोधा, भाच्याला सांगून ठेवा, आणि नाट्य स्पर्धेचं अमरावती केंद्राचं वेळापत्रक लागलं की कोणत्या संध्याकाळी जाता येईल ते पाहा. करार सापडला आणि त्यातलं एखादं कलम कळलं नाही, तर तेवढं पान मला पाठवा.